लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर पित्ताशयात खडे झाले तर ऑपरेशन करावं लागतं का?

पित्ताशयच उरत नाही, तर त्यात खडे कुठून होणार! जुनं लिव्हर काढताना पित्ताशयही जातं आणि दात्याच्या लिव्हरचंही काढूनच टाकतात. (जिवंत दात्याचंही जातं बरं का.)

खरा त्रास होतो पित्तनलिकेत (लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणारी नळी), जिथे टाके घालून दात्याच्या आणि तुमच्या नलिकेची दोन टोकं जोडलेली असतात. जोड आकसतो, पित्त तुंबतं, गाळ किंवा खडे साचतात. लक्षणं म्हणजे लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, थंडी वाजून ताप. कधी काहीच नाही, नुसतं रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं. बहुतेकदा पोट उघडावं लागत नाही. ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण घालून फुग्याने जोड रुंद करतात, स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलतात. ती तारीख चुकवू नका, तो तुंबतो. त्यानेही भागलं नाही तर ऑपरेशन करून नलिका थेट लहान आतड्याला जोडतात.