लाइनमनला ऑफसाइड नीट का दिसत नाही?

घरी सोफ्यावर बसून फुटबॉल बघताना आपल्याला ऑफसाइड (पास सुटताना हल्ला करणारा खेळाडू, म्हणजे स्ट्रायकर, शेवटून दुसऱ्या बचावपटूपेक्षा गोलच्या जवळ असणं) कळतो, मग मैदानावरच्या लाइनमनला, म्हणजे कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पंचाला, का कळत नाही, सेटिंग असते का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये शाळा-क्लबांच्या स्पर्धांत लाइनवर झेंडा घेऊन उभा राहतो, शिव्याही भरपूर खाल्ल्यात. सेटिंगचं सोडा. लाइनमन कुठे उभा आहे ते पाहा, तो कुठल्या बाजूला चुकणार हे बऱ्याचदा आधीच सांगता येतं.

त्याने राहायचं असतं शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत (गोलकीपर धरून). पण बचावफळी एकदम पुढे सरकते आणि हा मीटरभर गोलच्या बाजूला राहून जातो. आता बचावपटू लाइनमनपासून २० मीटरवर आणि स्ट्रायकर बचावपटूच्या पलीकडे, लाइनमनपासून ३० मीटरवर, दोघे बरोबरीत आहेत असं धरा. बरोबरीत असेल तर १९९० पासून ऑफसाइड नाही. पण तिरक्या नजरेला स्ट्रायकर अर्धा मीटर पुढे दिसतो आणि झेंडा वर जातो. तोच स्ट्रायकर बचावपटूच्या अलीकडे असता, तर थोडा पुढे असूनही सुटला असता. बाइकवर मागे बसून स्पीडोमीटर वाचलात तर काटा असाच फसवतो. संशोधक आउडेयान्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं होतं.

आमच्याकडे तर लोक टचलाइनवरच (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) खुर्च्या टाकून बसतात. त्यांना वळसा घालताना बचावपटूची रेषा सुटतेच, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडतात तेही तेच.

दुसरी भानगड वेळेची. पास सुटतो त्या क्षणी बघायचं, पण पास देणारा एकीकडे आणि रेषा दुसरीकडे. जुनी मंडळी सांगतात, नजर रेषेवर ठेव, किक कानाने ऐक. चांगला सल्ला आहे, पण ३४ मीटरवरून आवाज यायलाच सेकंदाचा दहावा भाग जातो. स्ट्रायकर सेकंदाला ८ मीटरने आत पळतोय आणि बचावपटू ४ मीटरने बाहेर येतोय, तर तेवढ्यात दोघांत १.२ मीटरचा फरक पडतो. भरल्या स्टेडियममध्ये तर किक ऐकूच येत नाही.

आणि टीव्हीवर तरी काय? सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर याच वेगाने एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत जवळजवळ अर्धा मीटर निघून जातो. म्हणूनच २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला १२ खास कॅमेऱ्यांसोबत चेंडूतही सेन्सर बसवला होता, सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा.