रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) कॅल्शियम ४३० पीपीएम आहे, पण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) ६ डीकेएचवर घसरते. कॅल्शियम अजून घालू का?

नाही, कॅल्शियमला हात लावू नका. ४०० ते ४५० पीपीएम म्हणजे उत्तम. कमी पडतेय ती अल्कलिनिटी. ती ८-९ डीकेएचला (हे तिचं मोजमापाचं एकक) ठेवा. प्रवाळ सांगाडा बांधताना दोन्ही वापरतात, पण २० पीपीएम कॅल्शियम खर्च होईपर्यंत अल्कलिनिटी जवळपास २.८ डीकेएच उतरलेली असते. म्हणून घसरण आधी तिच्यात दिसते.

१०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. बेकिंग पावडर अजिबात नको. आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या झोताजवळ हळूहळू ओता, दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी घातलंत तर पाणी दुधाळ होतं, पंपावर खर बसते आणि दोन्ही वाया जातं. मी एक सकाळी घालतो, एक रात्री.

आणि हो, मुंबईचा पावसाळा! माझ्या दादरच्या टँकमध्ये उडालेल्या पाण्याच्या जागी अल्कलिनिटी राखणारी चुन्याची निवळी थेंबथेंब जाते. मे महिन्यात झकास चालतं. जुलैत हवा इतकी दमट की पाणी फारसं उडतच नाही, मग निवळीही कमी जाते आणि अल्कलिनिटी ७ च्या खाली येते. तुमचंही निवळीवर चालत असेल तर आधी हेच तपासा.

एवढं करूनही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम मोजा, १२५० ते १३५० पीपीएम हवं. चाचणी रोज एकाच वेळी करा.