‘राग, द्वेष, मोह’ यांतला ‘राग’

विचारणा अशी आहे: बौद्ध ग्रंथांत राग, द्वेष आणि मोह हे तीन अग्नी सांगितले आहेत, राग म्हणजे संताप असेल, तर द्वेष वेगळा का मोजला?

तेथे राग म्हणजे संताप नव्हेच. ‘बुद्धांनी राग सोडायला सांगितले आहे, तेव्हा चिडू नका’ असे व्याख्यानांत वारंवार ऐकावे लागते, आणि विपश्यना शिबिरांतील हिंदी प्रवचनांत ‘राग-द्वेष’ ऐकणाऱ्या मराठी साधकांचाही असाच गैरसमज होतो. पालीत आणि संस्कृतात राग म्हणजे आसक्ती. गीतेतील ‘वीतरागभयक्रोधः’ या समासात राग आणि क्रोध वेगवेगळेच आहेत. संतापासाठी पालीत कोध, दोस, पटिघ असे शब्द आहेत.

मूळ धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे. रंग, रक्त, अनुराग, विरक्त ही सगळी त्याचीच प्रजा. संतापाने चेहरा लाल होतो, म्हणून मराठीत संतापाला राग हे नाव पडले, असे माझे ठाम मत आहे. बंगालीतही राग म्हणजे संतापच. हा शब्द ‘रोष’पासून आला असे सांगणाऱ्यांनी ‘ष’चा ‘ग’ कसा झाला ते आधी दाखवावे. त्या कुळातले आपल्याकडचे शब्द रुसणे आणि रुसवा हे आहेत.

खरा आनंद ‘विराग’ या शब्दात आहे. विराग म्हणजे मुळात रंग उडणे. अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहाच्या तिकनिपातात (तिनाच्या गटांच्या भागात) राग ‘अप्पसावज्जो दन्धविरागी’ आणि दोस ‘महासावज्जो खिप्पविरागी’ म्हटला आहे: आसक्तीचा अपराध लहान पण रंग पक्का, द्वेषाचा अपराध मोठा पण रंग कच्चा. त्याच सुत्तात आसक्तीवर अशुभभावना (शरीराच्या किळसवाण्या बाजूचे चिंतन) आणि द्वेषावर मेत्ता (मैत्रीभावना) हा उपाय दिला आहे. म्हणूनच शब्द चुकला की औषध चुकते, कारण संतापलेला माणूस अशुभभावना करू लागला, तर समोरच्याविषयीची किळस वाढून त्याचा द्वेषच पोसला जाईल. पाली भाष्यकार बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात द्वेषप्रवण स्वभावाला चार ब्रह्मविहारांसोबत (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा) निळा, पिवळा, तांबडा आणि पांढरा ही चार वर्णकसिणे (ध्यानासाठी समोर ठेवायचे रंग) नेमून दिली आहेत, म्हणजे येथेही पुन्हा रंगच आले.

पालीतील ‘दोस’मध्ये संस्कृत द्वेष आणि दोष हे दोन्ही शब्द मिसळले आहेत, तरी या त्रयीत त्याचे मराठी रूप ‘द्वेष’ असेच लिहावे, ‘राग, दोष, मोह’ असे नव्हे.