सोडा-व्हिनेगरच्या प्रयोगातून मुलांना ज्वालामुखी खरंच कळतो का?

अर्धाच कळतो, उरलेला अर्धा कळायला मुलांच्या हातात आपला काळा दगड, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा बसाल्ट, द्या. फेस वायूच्या जोराने वर येतो, तेवढं खऱ्या ज्वालामुखीशी जुळतं. पण लाव्हा म्हणजे ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला, वितळलेला खडक, हे फेस बघून मुलांना कसं सुचणार? सहावीला भूगोल शिकवताना मी खडीच्या ढिगातला भोकाभोकांचा बसाल्ट वर्गात फिरवते. "मॅडम, याला भोकं कुणी पाडली?" हा प्रश्न येतोच, आणि खरा तास तिथून सुरू होतो. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले, त्यांच्या या जागा. काहींत पुढे पांढरी खनिजं साचलेली दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशा लाव्ह्याचे थरावर थर चढून दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीच्या घाटात कड्यांवर ते थर मुलांना बोटाने मोजता येतात! एक मात्र आवर्जून सांगा: हा लाव्हा शंकूच्या तोंडातून नव्हे, मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून आला. नाहीतर मुलं दिसेल त्या टोकदार डोंगराला ज्वालामुखी म्हणू लागतात.