आयकॉन गेले म्हणजे फायली गेल्या असं नाही, आधी फॉरमॅटवाल्याला थांबवा

या खेपेला चार पत्रं निवडलीत, चारही एकाच दुखण्याची, स्क्रीनवरचं सगळं गायब. पण कारणं चौघांची चार. पहिल्या पत्रातल्या ताई दुकानदाराला हो म्हणायच्या बेतात होत्या म्हणून त्यांना मी लगेच फोन करून थांबवलं, सविस्तर उत्तर इथे देतोय.

प्रश्न : दादा नमस्कार. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर आहे, विंडोज ७ चा जुना पीसी आहे. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह लावला, अँटिव्हायरसची लाल खिडकी आली, व्हायरस सापडला, डिलीट केला, रिस्टार्ट करा. मी केलं. तेव्हापासून पासवर्ड टाकला की नुसता वॉलपेपर आणि माउसचा बाण, ना स्टार्टचं बटण, ना खालची पट्टी, ना एक आयकॉन. राइट क्लिक पण होत नाही. बाजारातल्या रिपेरिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला विंडोज उडालं, फॉरमॅट मारू, दोन तासात देतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही, टेन्शन घेऊ नका. डेस्कटॉपवर माझं तीन वर्षांचं स्कॅनिंग आहे, लोकांचे दाखले, फोटो, सह्या. करू का फॉरमॅट? – एक वाचक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, नाही म्हणजे नाही. तो माणूस खोटं बोलत नाहीये, डी ड्राइव्हला तो खरंच हात लावणार नाही, पण तुमचा माल डी मध्ये आहेच कुठे? डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक साधा फोल्डर असतो, सी मध्ये यूजर्स, त्यात तुम्ही लॉगिन करता त्या नावाचा फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप. सी फॉरमॅट झाला की ते तीन वर्षं गेली आणि मग तोच म्हणणार की मॅडम आधी सांगायचं ना. अशी दोन-तीन भांडणं मी स्वतः मिटवलीत म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आता झालंय काय ते बघू. स्टार्टचं बटण, खालची टास्कबार आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन ही तीन वेगळी खाती वाटतात पण तिन्ही मांडणारा प्रोग्राम एकच, एक्सप्लोरर. फोल्डर उघडला की दिसतो तो एक्सप्लोरर पण हाच. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हापासून हे काम त्याच्याकडे आहे, त्याआधी विंडोज ३.१ मध्ये प्रोग्राम मॅनेजर नावाचा गडी होता. तर पंगत बसलीय, आत वरण भात जिलबी सगळं तयार आहे, फक्त वाढपी कुठे गेला कोणाला माहीत नाही, अशी तुमच्या पीसीची अवस्था आहे. जेवण संपलेलं नाही.

आधी वाढप्याला हाक मारून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, कारण तो एक्सप्लोररच्या जिवावर चालत नाही. त्यात वर फाइल, खाली न्यू टास्क. जी चौकट येईल तिथे इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करा, मग डॉट, मग ई एक्स ई, आणि एंटर. पुष्कळांचं काम इथेच होतं, धडाधड आयकॉन येतात आणि माणूस देवाला नारळ बोलतो. विंडोज १० आणि ११ वाल्यांना तर टास्क मॅनेजरच्या यादीत विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रीस्टार्ट म्हणायचं, एवढंच.

पण तुम्ही फोनवर मला काय वाचून दाखवलंत? की विंडोजला ती फाइल सापडत नाही, नाव बरोबर टाइप केलंय का बघा. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. असा पहिला पीसी माझ्याकडे आला तेव्हा मी शहाणपणा करून दुसऱ्या मशीनवरून एक्सप्लोररची फाइल पेनड्राइव्हवर आणली, विंडोज फोल्डरमध्ये टाकली आणि तरी तेच, सापडत नाही. अर्धा दिवस गेला. फाइल तिथेच होती हो, डोळ्यांसमोर!

गंमत अशी की विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं त्या वहीत, एक जागा आहे, तिथे असं लिहून ठेवता येतं की अमुक प्रोग्रामला हाक मारली की त्याच्या जागी तमुकला पाठवा. सोय आहे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, चुका शोधायला, पण व्हायरसवाल्यांनी ती हेरली आणि चिठ्ठी लावली, वाढप्याला बोलावलं की बंड्याला, म्हणजे व्हायरसला, पाठवा. मग अँटिव्हायरस आला, त्याने बंड्याला उचलून नेलं, पण दारावरची चिठ्ठी तशीच राहिली. आता तुम्ही वाढप्याला कितीही हाका मारा, विंडोज जातं बंड्याला शोधायला, बंड्या नाही, मग म्हणतं सापडत नाही, आणि नाव मात्र घेतं वाढप्याचं. व्हायरस असताना पीसी चालत होता आणि व्हायरस गेल्यावर बंद पडला त्याचं कारण हे.

चिठ्ठी फाडायच्या आधी तुमचा माल बाहेर काढून घ्या, एक्सप्लोरर नसताना सुद्धा निघतो. त्याच न्यू टास्कच्या चौकटीत ब्राउझ असं बटण आहे, ते दाबलं की फाइल निवडायची खिडकी येते, त्यात खालच्या बाजूला प्रोग्राम्स लिहिलेलं असतं तिथे ऑल फाइल्स करा. मग डावीकडून डेस्कटॉपवर जा, हवे ते फोल्डर सिलेक्ट करा, राइट क्लिक, कॉपी, मग त्याच खिडकीतून पेनड्राइव्हवर जा आणि पेस्ट. खिडकी बारकी आहे आणि किती टक्के झालं ते कधी दिसतं कधी नाही, तेव्हा घाई न करता थोडं थोडं न्या. पेनड्राइव्ह स्वतःचा घ्या, त्या गिऱ्हाइकाचा नको.

मग चिठ्ठी. न्यू टास्कमध्येच रेगएडिट टाइप करा, आर ई जी ई डी आय टी, सलग. उघडेल ती रजिस्ट्री, इथे हात जपून, एक चुकीचं डिलीट महागात पडतं, त्यामुळे आधी फाइलमधून एक्सपोर्ट करून एक प्रत ठेवा. डावीकडे एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन आणि त्यात इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स. विंडोज आणि विंडोज एनटी अशी दोन घरं शेजारी शेजारी आहेत, लोक हमखास पहिल्यात शिरतात. आत बऱ्याच नावांचे फोल्डर दिसतील, ते असतातच, त्यांना हात लावायचा नाही, फक्त एक्सप्लोरर डॉट ई एक्स ई नावाचा आहे का बघा. तो असला आणि त्यात उजवीकडे डीबगर अशी ओळ असली तर तीच आपली चिठ्ठी. तेवढा एकच फोल्डर डिलीट.

आलाच आहात तर त्याच करंट व्हर्जनमध्ये खाली विनलॉगॉन आहे तेही बघून घ्या. त्यात शेल नावाची ओळ असते, तिच्यासमोर फक्त एक्सप्लोरर डॉट ई एक्स ई एवढंच हवं, लॉगिन झाल्यावर पडदा कोणी मांडायचा ते विंडोज इथूनच वाचतं. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन आणखी कोणी चिकटलेला असेल तर तो पाहुणा हाकला. रिस्टार्ट.

(टास्क मॅनेजरच उघडत नसेल, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय असं म्हणत असेल, तर तेही त्याच व्हायरसचं काम असू शकतं. विंडोज ७ मध्ये पीसी सुरू होताना एफ ८ दाबत राहा, सेफ मोड विथ कमांड प्रॉम्प्ट घ्या आणि त्या काळ्या खिडकीत रेगएडिट टाइप करा. १० आणि ११ मध्ये एफ ८ चालत नाही, तिथे लॉगिनच्या पडद्यावर पॉवरच्या बटणातलं रीस्टार्ट शिफ्ट दाबून क्लिक करायचं, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं पुढे जायचं.)

आता दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगतो. विंडोज ७ चे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला बंद केलेत, आणि त्या मशीनवर रोज नवा माणूस पेनड्राइव्ह लावतो, म्हणजे उघड्या दारात बसून धंदा चाललाय. गिऱ्हाइकाला फाइल मेल करायला सांगा किंवा फोनवरून पाठवायला सांगा, पेनड्राइव्हचा हट्टच असेल तर आधी स्कॅन. आणि दुसरं म्हणजे लोकांचे दाखले आणि सह्या तीन वर्षं तुमच्या डेस्कटॉपवर कशाला हव्यात? फॉर्म भरला, पावती दिली, काही दिवस ठेवा आणि उडवा. उद्या पीसी दुकानात दिला तर ते सगळं त्या दुकानातल्या पोरांच्या हातात जातं.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून मुलांना धडा दाखवला, प्रोजेक्टर बंद केला, आणि आता लॅपटॉपवर नुसतं चित्र, आयकॉन नाहीत, पट्टी नाही. तुमच्या मागच्या लेखातलं बघून एक्सप्लोरर पुन्हा चालू केला, फरक नाही. विंडोज १० आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मॅडम, वायर काढली का? बहुतेक नाही. प्रोजेक्टरची वायर लावलेली असली की प्रोजेक्टर बंद असला तरी लॅपटॉपला दोन पडदे दिसतच असतात, आणि कोणीतरी प्रोजेक्टरला मुख्य पडदा करून ठेवलं असेल तर आयकॉन आणि पट्टी त्या भिंतीवर, तुमच्यासमोर आहे ते दुसऱ्या पडद्याचं रिकामं अंगण. ओळखायची खूण सांगतो, माउसचा बाण एका बाजूला ढकलत राहा, कडेला न अडता गायब झाला तर तो भिंतीवर गेलाय. आणि वॉलपेपरवर राइट क्लिक करून बघा, मेनू आला तर एक्सप्लोरर ठणठणीत आहे, वरच्या ताईंचं दुखणं तुमचं नाही. विंडोजचं बटण दाबून धरा, पी दाबा, पीसी स्क्रीन ओन्ली. झालं. तोच पडदा दोन्हीकडे हवा असेल तर तिथेच डुप्लिकेट आहे, धडा दाखवायला तेच बरं पडतं, नाहीतर मुलांना भिंतीवर एक दिसतं आणि तुम्हाला इकडे दुसरंच.

प्रश्न : नातू खेळून गेला आणि सगळे आयकॉन गेले, खालची पट्टी आहे. – एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, रिकाम्या जागेवर राइट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्स, त्यावर टिक. नातवाला रागावू नका, त्याला सांगितलं असतं तर त्यानेच आणून दिले असते. (उलट झालं, म्हणजे आयकॉन आहेत आणि पट्टी नाही, तर बाण स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेला नेऊन बघा. पट्टी वर सरकून आली तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिकली हाइडवरची टिक काढा.)

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मेंटेनन्सचे हिशोब, मीटिंगची इतिवृत्तं सगळं डेस्कटॉपवर. काल लाइट गेली, पीसी धाडकन बंद झाला, आज चालू केला तर पट्टी आहे, रीसायकल बिन आहे, बाकी सगळं कोरं, वॉलपेपर पण नव्या कॉम्प्युटरसारखा. रविवारी वार्षिक सभा आहे हो! शो डेस्कटॉप आयकॉनवर टिक आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साहेब, लॉगिन झाल्यावर कोपऱ्यात एक निरोप येऊन गेला असेल, टेंपररी प्रोफाइलने साइन इन झालंय असा, आपण तो वाचत नाही, फुलीवर क्लिक करतो. म्हणजे विंडोजला तुमचं खातं उघडता आलं नाही, म्हणून त्याने तुम्हाला तात्पुरती पाहुण्यांची खोली दिलीय. तुमची खोली कुलूपबंद पण जागेवर आहे. फक्त एक पथ्य, आत्ता समोर दिसणाऱ्या डेस्कटॉपवर काही म्हणता काही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ही खोली आतल्या सामानासकट पाडतात. सभेचा अहवाल आज सकाळी टाइप करून इथेच ठेवला असेल तर आत्ता, हे वाचताय तेवढ्यात, पेनड्राइव्हवर घ्या.

मग दिस पीसी उघडून सी, यूजर्स असं आत जा. तिथे टेंप नावाचा फोल्डर असेल ती ही पाहुण्यांची खोली, आणि तुमच्या नावाचा असेल ती तुमची. परवानगी मागेल, कंटिन्यू म्हणा. आत डेस्कटॉप, त्यात तुमचे हिशोब. बाहेर कॉपी करून घेतले की रविवारची काळजी मिटली.

त्यानंतर दोन-तीनदा रिस्टार्ट करून बघा, कधी कधी तेवढ्याने खातं परत उघडतं, कारण चालू होताना अँटिव्हायरस तीच प्रोफाइलची फाइल पकडून बसलेला असतो. नाहीच उघडलं तर मात्र लाइट जाताना प्रोफाइलची फाइल खराब झाली असं धरून चाला. रजिस्ट्रीत प्रोफाइल लिस्टमध्ये एकाच नंबरच्या दोन नोंदी दिसतात, एकीच्या शेवटी डॉट बॅक, त्यांची अदलाबदल करून खातं परत आणता येतं. पण खरं सांगू, तुमच्या जागी मी असतो तर सेटिंगमध्ये नवीन यूजर बनवला असता, जुन्या डेस्कटॉपवरचं सगळं त्यात आणून टाकलं असतं आणि मोकळा झालो असतो. आणि वार्षिक सभेत यूपीएसच्या खर्चाचा ठराव टाका, अडीच हजाराच्या वस्तूवर तासभर चर्चा होईल, पण होऊ दे.