लिहून घेतलं तर ताईंना राग येईल का?

"माझी मुलगी आठ महिन्यांची आहे आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा कामावर रुजू होतेय. तिला सांभाळायला ओळखीतून एक ताई मिळाल्या आहेत. स्वभावाने चांगल्या आहेत, मुलगी त्यांच्याकडे रमतेही. सगळं तोंडीच ठरलंय. आता त्या विचारतात, आठवड्याची सुट्टी कधी, आणि आम्ही बाहेरगावी गेलो तर त्या दिवसांचा पगार मिळेल का. नवरा म्हणतो, 'आतापासूनच हिशेब सुरू!' मला सगळं लिहून ठेवावंसं वाटतं, पण आपल्यावर विश्वास नाही असं ताईंना वाटेल का? आणि घरात कॅमेरा लावावा का?"

प्रिय मैत्रिणी,

ताईंचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नोकरी धरताना तुम्हीही सुट्टी आणि पगार विचारलाच असेल. उलट त्यांनी हे आधीच विचारलं याचा मला आनंद झाला. मनात ठेवून कुढत राहणाऱ्या माणसापेक्षा तोंडावर विचारणारं माणूस बाळाजवळ असलेलं केव्हाही बरं.

तेव्हा जरूर लिहा, पण एकटीने लिहून त्यांच्या हातात कागद देऊ नका. सोबत बसून लिहा, मोठ्याने वाचा, एक प्रत त्यांना द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार केला, त्यातही हेच आहे: कामाच्या अटी समजेल अशा रीतीने सांगाव्यात, शक्यतो लेखी. आठवड्यातून सलग 24 तासांची तरी सुट्टी हवी, हेही त्यात आहे. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, म्हणून तुमच्याकडचा कायदा काय सांगतो ते पाहून घ्या. कायद्यात काही नसलं तरी सुट्टी द्याच.

बाहेरगावी तुम्ही जाणार, काम तुम्ही थांबवणार, मग त्यांचा पगार का कापायचा? त्यांचं घर त्याच पैशावर चालतं.

खरी कुरबुर होते ती वेळेवरून. सहाला सुटायचं ठरलेलं असतं. एक दिवस तुम्हाला यायला पावणेसात होतात, मग आठवड्यात तीनदा होतात. ताई काही बोलत नाहीत, पण पिशवी खांद्याला लावून दारातच उभ्या असतात. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. जास्तीच्या वेळेचे पैसे किती आणि उशीर होणार हे कधीपर्यंत कळवायचं, हे आजच ठरवा.

दुसरी गोष्ट, 'बाळ झोपलं की जरा भांडी, जरा कपडे'. तुमच्या पत्रात हे नाही, पण बहुतेक घरांत हे हळूहळू येतंच. बाळ झोपलेलं असतानाही त्या कामावरच असतात. हाक आली की उठायची जबाबदारी त्यांचीच असते. आणि आठ महिन्यांचं मूल रांगायला लागलं की फरशी पुसणाऱ्या माणसाचं त्याच्याकडे लक्ष राहत नाही. घरकाम हवं असेल तर ते वेगळं ठरवा, त्याचे वेगळे पैसे द्या. मला विचाराल तर पहिले काही महिने फक्त मुलगी, बाकी काही नको.

'ओळखीतून' या एका शब्दावर मात्र थांबू नका. आधी त्यांनी जिथे मूल सांभाळलं त्या घरी फोन करा. काम का सुटलं, मूल आजारी पडलं तेव्हा त्यांनी काय केलं, हे विचारा. रुजू व्हायच्या आधीचे दिवस दोघी मिळून मुलीजवळ काढा. तिला पाठीवरच झोपवायचं, अंथरुणात उशी किंवा मऊ खेळणी ठेवायची नाहीत, हे सांगून सोडू नका, करून दाखवा. घशात काही अडकलं तर वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, असं आलटून पालटून देतात. पोटावर दाब द्यायचा नसतो. हे वाचून येत नाही, तेव्हा जाणत्या माणसाकडून दोघींनी एकत्र शिका. शिकायला गेलेला वेळही त्यांच्या पगारात धरा.

कॅमेरा लावायचा असेल तर आधी सांगा. कुठे आहे, कोण बघणार, तेही सांगा. त्या कपडे बदलतात, आडव्या होतात तिथे तो नको. चोरून लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो एक दिवस त्यांच्या नजरेस पडेल, आणि त्यानंतर मुलगी पडली, चुकून काही गिळलं, तरी भीतीपोटी त्या तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्हाला तर असंच माणूस हवं, जे घडलेलं लगेच सांगेल.

बोलणी करताना नवऱ्यालाही बसवा. पगार दोघांच्या घरातून जाणार आहे आणि मुलगीही दोघांची आहे. तुम्ही दोघंही वेळेत पोचू शकला नाहीत तर ताईंनी आधी कुणाला फोन करायचा, याचं उत्तर त्यालाच देऊ द्या.