गच्चीवरचं आकाश : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि निम्मी पत्रं एकाच पाहुण्याबद्दल आहेत. तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच.

"१९ डिसेंबर २०२५ ला परक्या सूर्यमालेतला धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार, असं वाचलं. मी, हे आणि मुलगी तीन रात्री स्वेटर-कानटोप्या घालून गच्चीवर उभे राहिलो. काहीच दिसलं नाही. दिरांनी फॉरवर्ड पाठवलाय की ते यान होतं आणि दिवे बंद करून गेलं. खरं काय?" (कोथरूड)

ताई, तुमचं काही चुकलं नाही. घोटाळा त्या 'सर्वांत जवळ'मध्ये आहे. त्या दिवशी तो धूमकेतू ३आय/अ‍ॅटलास आपल्यापासून सुमारे २७ कोटी किलोमीटरवर होता. सूर्य पंधरा कोटींवर आहे, म्हणजे हा पाहुणा सूर्याच्याही पलीकडच्या अंतरावरून गेला. नुसत्या डोळ्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं. मी त्याच आठवड्यात माझी सहा इंची दुर्बीण भाच्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी घालून वेल्ह्याच्या पुढे नेली. पहाटे तीनला मघा चांगली वर आली होती, तिच्या आसपास शोधाशोध केली. एक अंधूक ठिपका सापडला. भाच्याला उठवून दाखवलाही. मग नकाशाशी ताडून पाहिलं, तर तो साधा तारा निघाला. भाचा परत गाडीत जाऊन झोपला. तेव्हा न दिसणाऱ्यांच्या यादीत मीही आहे.

आता यानाचं. हा धूमकेतू १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला. त्याभोवती वायू आणि धुळीचं आवरण आहे. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीला त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर सापडला. सूर्याजवळ आला तसा तो तापला आणि उजळला. धूमकेतू करतात तेच सगळं त्यानं केलं. मग 'परका' कशावरून? स्वयंपाकघरातली परात घ्या आणि कडेवरून एक गोटी सोडा. गोटी आत घरंगळते, पलीकडे चढते आणि परत येते. आपले धूमकेतू असे. आता तीच गोटी जोरात भिरकावा. ती परातीच्या तळाशी थोडी वळते आणि समोरच्या काठावरून बाहेर पडून ओट्याखाली जाते. ३आय बाहेरून येतानाच सेकंदाला ५८ किलोमीटरच्या वेगानं आला. सूर्याची परात त्याला धरून ठेवू शकत नाही, म्हणजे तो इथला नाही.

'३आय'मधला ३ म्हणजे असा तिसरा पाहुणा. पहिला २०१७ चा ओमुआमुआ. दुसरा बोरिसोव्ह, आणि त्याच्यावर माझा विशेष जीव आहे. तो ३० ऑगस्ट २०१९ ला क्रिमियातल्या गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकानं शोधला, स्वतः बांधलेल्या ६५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून! मी भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, मायक्रोमीटर हातात घेऊन. तरी दुर्बिणीचा सहा इंचांचा आरसा घासायला मला अकरा महिने लागले. ऐंशी नंबरच्या कार्बोरंडमनं, म्हणजे काच घासायच्या भरड पुडीनं सुरुवात केली. बारीक दाण्यापर्यंत पोचलो, तेव्हा कुठून तरी ऐंशीचा एक कण काचेखाली आला आणि मधोमध चरा पडला. तीन आठवडे मागे गेलो. बायको म्हणाली, "एवढ्यात पुरणाचा अख्खा पाटा झिजला असता." त्यामुळे ६५ सेंटीमीटर हा आकडा मी टोपी काढून वाचतो.

तुमच्या हातून खरोखर काय निसटलं, तेही सांगतो. ऑक्टोबरमध्ये लेमन नावाचा धूमकेतू आला होता. लिंबाशी संबंध नाही, अ‍ॅरिझोनातल्या माउंट लेमन डोंगरावरून पडलेलं नाव. तो २१ ऑक्टोबरला पृथ्वीच्या जवळ, सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर होता. अमावस्या, चंद्राचा अडथळा नाही, सूर्य मावळल्यावर पश्चिम-वायव्येला क्षितिजापासून वीतभर वर. सगळं जमून आलं होतं, फक्त तो दिवस लक्ष्मीपूजनाचा होता. साडेसातला कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवरून समोरची इमारतही धुरात धड दिसत नव्हती. मी तो वसुबारसेलाच खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या कडेला थांबून पाहून घेतला होता. द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) कापसाचा हिरवट बोळा, त्याला वरच्या बाजूला पुसटशी रेघ. पाच मिनिटं. त्याला यान म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून फॉरवर्ड आला नाही.

"दिवाळीच्या बोनसमधून साडेचार इंची दुर्बीण घेतली. खोक्यावर कडीसकट शनीचा फोटो आहे. मला दिसतो तो सुई खुपसलेला मोती. दुकानदार परत घेत नाही." (चिंचवड)

देऊ नका परत! तुम्ही जे पाहिलंत ते पंधरा वर्षांतून एकदा दिसतं. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि नोव्हेंबरअखेरीस कडी पुन्हा जवळपास आडवी झाली. आपण त्यांच्याकडे कडेवरून बघत होतो.

कडेवरून ती दिसत का नाहीत? मुख्य कड्यांचा पसारा २ लाख ८० हजार किलोमीटर आहे आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. शाळेच्या वहीचा कागद मी मायक्रोमीटरवर मोजला, ०.१ मिलिमीटर भरला. त्या जाडीच्या कागदाची शनीच्या कड्यांच्या मापानं तबकडी कापायची म्हटली, तर ती पावणेतीन किलोमीटर रुंद होईल. शनिवारवाड्यापासून जवळजवळ पर्वतीच्या पायथ्यापर्यंत एकच कागद. (शनिवारवाडा मुद्दाम निवडला.) आता त्या कागदाकडे कडेवरून बघा आणि दिसतोय का सांगा.

आता कडी दर महिन्याला थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण फाकतील. आत्ताची सुई वहीत पेन्सिलनं काढून ठेवा, तारीख घालून. दरवर्षी एक चित्र काढा. खोक्यावरच्या फोटोपेक्षा ती वही जास्त किमतीची होईल. शनीजवळ जो एक ठळक ठिपका दिसतो तो टायटन. बाकी चंद्रांचं मोजू नका. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे मान्य झाले आणि आकडा २७४ वर गेला.

"मुलगा सातवीत आहे. ऑनलाइन '५०० पट मोठं दाखवणारी' दुर्बीण पाच हजारांत मिळतेय. घेऊ का?" (हडपसर)

नको. असल्या दुर्बिणीतल्या साठ मिलिमीटरच्या भिंगाकडून १२० पटीच्या पुढे काही निघत नाही. त्यापुढे मोठं दिसतं, पण ते धुकंच मोठं होतं. शिवाय त्या दुर्बिणींचे स्टँड! मुलगा श्वास घेईल तेवढ्यानं चंद्र हलेल.

द्विनेत्री घ्या, १०×५० किंवा ७×५० (दहा किंवा सात पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटरच्या भिंगांची). मी माझी पहिली जुन्या बाजारातून घेतली होती, बुधवारी ऑफिस चुकवून, साडेतीनशे रुपयांत. घरी आणल्यावर कळलं की तिच्यातून दोन चंद्र दिसतात. आतला प्रिझम सरकला होता. दोन संध्याकाळी चष्मेवाल्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो तेव्हा दोनाचा एक झाला. तुम्ही नवी घ्या.

आणि लगेच कामाला लावा. १० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे सूर्य मावळला की पूर्वेला गुरू उगवणार. मिथुन राशीत आहे, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ. चुकणार नाही, तेवढं तेजस्वी तिथे दुसरं काही नाही. द्विनेत्री पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवून धरायला सांगा. चार बारीक ठिपके एका ओळीत दिसतील, कधी तीनच. रोज रात्री आठला त्यांच्या जागा वहीत काढायच्या, आठवडाभर. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं. आठवड्यानंतरही मुलाची हौस टिकली, तर त्याला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत घेऊन जा. १९४४ पासूनची संस्था आहे, तिथे मोठ्या दुर्बिणीतून बघायला मिळेल आणि काय घ्यावं हे सांगणारी चार माणसंही भेटतील.

"पानशेतला मुक्कामी असताना आकाशात दिव्यांची लांब माळ सरळ रेषेत जाताना पाहिली. काय असावं?" (धायरी)

स्टारलिंकचे उपग्रह. एका रॉकेटमधून डझनावारी सोडतात, पहिले काही दिवस ते असे आगगाडीसारखे जातात, मग पांगतात. मला आवडत नाहीत. एकटाच, न लुकलुकणारा, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडणारा ठळक दिवा दिसला, तर ते बहुधा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. २६ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला तिथे पोचले आणि मध्य जुलैपर्यंत राहिले. तेवढे दिवस वेळापत्रक बघून मी गच्चीवर छत्री घेऊन उभा राहत होतो. आषाढातलं पुणं ते! स्थानक चारशे किलोमीटर वर, ढग दोन किलोमीटर वर. एकदाही दिसलं नाही.

"सून म्हणते, २०२७ चं सूर्यग्रहण बघायला इजिप्तला जाऊ. ते पुण्यातूनही दिसणार आहे, असं पंचांगवाले म्हणाले. मग लाखभर रुपये कशाला घालवायचे?" (सदाशिव पेठ)

आजी, प्रश्न अगदी पेठेला शोभेल असा आहे. पण सुनेचं ऐका. २ ऑगस्ट २०२७ ला पुण्यातून खंडग्रास दिसणार, दुपार कलल्यावर. इजिप्तमध्ये लक्झरला खग्रास आणि तेही सहा मिनिटांहून जास्त. खंडग्रास म्हणजे मांडवातून पंक्तीचा वास घेऊन परत येणं.

दुसरं असं की तो दिवस आहे आषाढातली अमावस्या, दिव्यांची अवस, वर सोमवार. घरात दिवे घासून पाटावर मांडलेले असतील आणि बाहेर पाऊस. पुण्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दिसला तर त्याचीच बातमी होते. तिकिटाचे पैसे जमत नसतील तर पुण्यात थांबा, पण एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच घेऊन वर बघू नका. खात्रीचा ग्रहणचष्मा नसेल तर पिठाची चाळणी उन्हात धरा आणि जमिनीकडे बघा. प्रत्येक भोकातून एक चंद्रकोरीसारखा सूर्य पडलेला असेल.

"उत्तर मुकुट या तारकासमूहातला तारा उजळणार म्हणून मी आठवीपासून वाट बघतोय, आता दहावीत आलो. तो उजळणार आहे की नाही?" (सिंहगड रस्ता)

उजळणार आहे. तारीख मात्र तो तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे देणार नाही. तिथे दोन तारे आहेत, एक फुगलेला तांबडा आणि एक लहानसा, जड श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तांबड्यातला वायू बटूवर साचत राहतो आणि पुरेसा साचला की पृष्ठभागावर एकदम भडका उडतो. १८६६ ला उडाला, १९४६ ला उडाला. ऐंशी वर्षांचा हिशेब धर. अर्थात दोनच नोंदींवरून बांधलेला हिशेब टूलरूममध्ये कोणी पास केला नसता. शिवाय तारा सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे भडका केव्हाच उडालेला आहे, उजेड वाटेत आहे.

तू काय करायचंस ते सांगतो. अभ्यासाला पहाटे उठतोसच. साडेपाचला पूर्वेकडे बघ. ठळक नारिंगी स्वाती वर असेल. तिच्याकडून खाली ईशान्येला गेलास की ताऱ्यांची अर्धी वाटी दिसेल, तोच मुकुट. त्यात सर्वांत ठळक तारा एकच आहे, अल्फेका. तो नीट पाठ कर. भडका उडाल्यावर मुकुटाच्या कडेला जवळपास अल्फेकाएवढाच दुसरा तारा दिसेल, आणि तो काही दिवसच टिकेल. आधीचा मुकुट डोळ्यांत बसलेला नसेल, तर त्यात एक वाढलाय हे तुला कळणारच नाही. मे महिन्यात परीक्षा संपलेली असेल आणि मुकुट रात्री डोक्यावर असेल, तेव्हा गच्चीवर झोपायला जा.

"वय ७४. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता व्याधाचा तारा मला निळा दिसतो. घरचे म्हणतात भास आहे. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो." (नारायण पेठ)

भास नाही, आणि संकोचही करू नका, डॉक्टरांना हे ठाऊक असतं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. इतकं हळूहळू होतं की आपल्याला कळत नाही. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की अडलेला निळा रंग परत येतो.

माझा डावा डोळा गेल्या पावसाळ्यात झाला. पहिल्या निरभ्र रात्री मी मृग नक्षत्रातल्या राजन्य या ताऱ्याकडे आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं. उजव्या डोळ्याला तो चहा सांडलेल्या कपड्यासारखा वाटला आणि डाव्याला नुकत्याच नीळ घातलेल्या धोतरासारखा. वीस मिनिटं आलटून पालटून डोळे झाकत उभा होतो. खालून वॉचमननं विचारलं, काका, बरं वाटत नाही का?

तुमचा डावा डोळा अजून व्हायचा आहे असं पत्रावरून दिसतं. जानेवारीत रात्री नऊला व्याध आग्नेयेला चांगला वर असतो. घरच्यांना बरोबर घेऊन जा, तुमच्या दोन्ही डोळ्यांना काय दिसतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. दुसऱ्या ऑपरेशनच्या तारखेआधी करा, नंतर तुलनेला जुना डोळा उरणार नाही.